तेवीस नंबरची जागा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत खाली वह्या-पुस्तकांचं दुकान असलेली जुनी इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर ही अभ्यासिका आहे. पाटीवर नाव नाही. नुसतं ‘अभ्यासिका’ आणि त्याखाली ‘चपला बाहेर’. ऑगस्ट २०२४ ते एप्रिल २०२५ असे नऊ महिने मी तिथं तेवीस नंबरच्या टेबलाशी बसले आणि मे महिन्यात पुन्हा पैसे भरले. एमपीएससीवाल्यांना ही जागा माहीतच आहे, त्यांना मी काय नवीन सांगणार? पण परदेशातल्या पीएचडीसाठी अर्ज करणारी, रात्री तीनला छाती धडधडून उठणारी आणि उठल्याबरोबर मेल बघणारी कुणी असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी व्यवहाराचं. महिन्याला ९०० रुपये, लॉकरचे १०० वेगळे, अनामत ५००. मुलींसाठी अठरा जागा, प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडे मुलांसाठी अठ्ठावीस. प्रत्येक टेबलावर स्वतंत्र ट्यूबलाईट, डोक्यावर पंखे, पाण्याचा फिल्टर जिन्याशी. बाथरूम खरोखर स्वच्छ, दिवसातून दोनदा धुतात. खुर्च्या लोखंडी आहेत, तेव्हा उशी घरून आणा. सकाळी सहाला उघडतं. मुलांना रात्री अकरापर्यंत बसता येतं, मुलींना नऊपर्यंतच. ही वेळ मला अजिबात पटलेली नाही आणि ते मी काकूंना तोंडावर सांगितलं आहे. काकू म्हणजे मालकीणबाई. दिवसभर दारातल्या टेबलाशी त्याच बसतात.

काकूंच्या पाठीमागे भिंतीला पोस्टात टपाल लावायला असतात तसे लाकडी खण आहेत. प्रत्येक खणाला नंबर. आत जाताना मोबाईल आपल्या खणात ठेवायचा. पहिल्या दिवशी मी तो सायलेंट करून बॅगेत टाकला आणि निघाले, तर मागून आवाज आला, “ए तेवीस, फोन हितं. जाताना घे की.” मी म्हटलं, काकू, मला अमेरिकेतून कधीपण मेल येऊ शकतो. त्या म्हणाल्या, “येऊ दे. खणात बसून राहील, कुठं जातंय त्ये?”

मला त्यांचा राग आला होता. आज या अभ्यासिकेला पाचपैकी साडेचार द्यायचे म्हटले, तर त्यातले तीन त्या खणांचे आहेत.

हॉलमध्ये वाय-फाय नाही. वाय-फाय आहे ते शेजारच्या छोट्या खोलीत. तिथं चार टेबलं, चार प्लग. आत जाण्याआधी दारातल्या रजिस्टरवर नंबर, वेळ आणि काम लिहायचं आणि अर्ध्या तासात बाहेर यायचं. पहिल्या आठवड्यात एका दिवशी मी अकरा वेळा गेले. कामाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात खाली खाली ‘मेल बघणे’, ‘मेल बघणे’, ‘मेल बघणे’. काकू काही बोलल्या नाहीत. पान उलटायच्या आधी माझं माझ्यालाच ते दिसलं. त्या आठवड्यात मी प्राध्यापकांना एकोणीस मेल पाठवले होते. (वनस्पतींच्या परिसरशास्त्रात अर्ज करायचा तर आधी मार्गदर्शक शोधावा लागतो, त्याच्याकडे जागा आहे का हे विचारावं लागतं, नुसता फॉर्म भरून भागत नाही.) एकोणीसपैकी शेवटी पाच जणांनी उत्तर दिलं. पण त्यातलं एकही उत्तर मी अकरा वेळा खोलीत गेले म्हणून लवकर आलं नाही.

मग मी ठरवून घेतलं. दुपारी चारला एकदा, निघताना एकदा. अमेरिकेचा पूर्व किनारा हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो. आपल्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच, म्हणजे जे काही रात्री यायचं होतं ते येऊन गेलेलं असतं. आणि आपल्या सकाळी तर तिकडचे लोक झोपायला निघालेले असतात. हे साधं गणित मला आधी कुणी समजावून सांगितलं असतं, तर सकाळी सहापासून दर दहा मिनिटांनी मेल बघण्यात माझे दोन महिने गेले नसते. डिसेंबरपर्यंत रजिस्टरमध्ये माझ्या दिवसाला दोन-तीनच नोंदी उरल्या.

मी मूळची गडहिंग्लजची. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालं, प्रबंध मसाई पठारावरच्या सीतेच्या आसवांवर. पन्हाळ्याच्या बाजूला हे जांभ्याचं पठार आहे. पावसात त्याच्यावर बोटभर माती आणि पाणी साचतं आणि त्यात ही इवलीशी जांभळी-निळी फुलं येतात. दिसायला नाजूक, पण झाड मांसाहारी. मातीखालच्या बारीक पिशव्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं. अशा उथळ पाण्यातल्या वनस्पती पाऊस पुढेमागे झाला तर काय करतात, यावर मला पुढचं काम करायचं आहे. हे सगळं आता सरळ सांगता येतं. ऑगस्टमध्ये येत नव्हतं. तेव्हा माझ्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चं, म्हणजे काय शिकायचंय आणि का हे सांगणाऱ्या अर्जातल्या लेखाचं, पहिलं वाक्य होतं, मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे.

ते वाक्य सतरा नंबरने काढायला लावलं. इथं आम्ही एकमेकींना नंबरानेच ओळखतो. सतरा ही राधानगरीकडची, पीएसआयची तिसरी खेप. इंग्रजी वाचते, बोलायला लाजते. एक दिवस चहाला खाली गेलो तेव्हा तिने कागद मागितला, उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, “हे तर कुणीपण लिहील की. तू त्या पठारावर भिजत मोजत बसलेलीस ते कुठाय?” मी तिला सांगितलं होतं, की जुलैमध्ये धुक्यात रोपं मोजायला आखलेली चौकट हरवली, दोन तास शोधली, आणि सापडली तेव्हा तिच्यात आठ दिवसांपूर्वी नव्हती तेवढी रोपं होती. तिला ते लक्षात होतं. माझा पहिला परिच्छेद तिथून सुरू होतो. एका सल्लागार संस्थेत ‘पॅकेज’साठी मी आधी पैसे भरले होते, त्यांनी मला तयार नमुना पाठवला होता, फक्त नाव बदलायचं. ते पैसे परत मिळाले नाहीत. त्या संस्थेचं नाव घेत नाही, पण नमुना विकत घेऊ नका एवढं कळकळीनं सांगते.

सतराकडून मी आणखी एक गोष्ट शिकले. पेपर देऊन आली की ती प्रश्नपत्रिका घडी घालून लॉकरमध्ये तळाला टाकते. मुलं खाली टपरीवर उत्तरं जुळवत असतात, ती थांबत नाही. “आयोगाची पहिली उत्तरतालिका येऊ दे, मग काढते. आत्ता काढून काय होणार, रात्रभर जागणार.” मी तिला विचारलं, जमतं कसं? म्हणाली, जमत नाही, पण लॉकरची चावी काकूंकडे देते. मग मीही तसंच केलं. अर्ज जमा झाला की त्याची छापील प्रत पाकिटात, पाकीट लॉकरच्या तळाला. जमा केलेल्या कागदात चुका शोधणं हा माझा सगळ्यात मोठा आजार होता. एकदा रात्री दोनला उठून मी बघितलं होतं, की विद्यापीठाच्या नावात एक शब्द चुकला आहे का. चुकला नव्हता.

शेवटच्या तारखांच्या दिवसांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जागेचा खरा कस तेव्हा लागला. माझे सहा अर्ज. चारांची मुदत १ डिसेंबर, दोनांची १५ डिसेंबर. पूर्व किनाऱ्यावरच्या १ डिसेंबरच्या रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे २ तारखेच्या सकाळचे १०:२९. हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाला चिकटवलं होतं, तरी रोज पुन्हा मोजायचे. तीन शिफारसपत्रांपैकी दोन वेळेत आली. तिसरे सर निवृत्त झालेले, त्यांच्याकडे फक्त जीमेल, आणि एका पोर्टलने संस्थेचाच पत्ता हवा असं सांगितलं. विभागाच्या समन्वयकाला मेल लिहून विचारलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी जीमेल चालेल असं कळवलं. मग सरांना पत्र टाकायचा दुवा (लिंक) गेला आणि सरांच्या स्पॅममध्ये पडला. २९ नोव्हेंबरला संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून रडत फोन लावला. सर म्हणाले, “अगं, टाकलंय की मी दुपारीच. तू जेवलीस का?”

ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचे आहेत त्यांनी सरांना दुवा पाठवल्यावर त्याच दिवशी फोन करून स्पॅम बघायला सांगावं. संकोच करू नका. सरांना राग येत नाही.

३० तारखेला संध्याकाळी लाईट गेली. इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखे सुरू राहिले, पण राउटर त्याच्यावर नव्हता. दोन तास वाय-फाय बंद. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम भागलं, पण माझे हात कापत होते. हा या जागेचा मोठा दोष होता. होता म्हणते, कारण दुसऱ्या दिवशी रविवार असूनही काकूंनी वायरमनला बोलावून राउटर इन्व्हर्टरला जोडून घेतला. मी तक्रारसुद्धा केली नव्हती. सोमवारी सकाळी सव्वानऊला माझा चौथा अर्ज गेला आणि मी रजिस्टरमध्ये कामाच्या रकान्यात लिहिलं, ‘झालं’.

पैशांचंही सांगायला हवं, कारण माझ्या निम्म्या काळज्या पैशांच्याच होत्या. एका अर्जाला ८०-९० डॉलर पडतात. सहांपैकी दोन विभागांनी नुसत्या विनंतीच्या मेलवर फी माफ केली, बाकी चारांचे तेव्हाच्या भावाने सुमारे २९ हजार झाले. जीआरई ही प्रवेशपरीक्षा माझ्या सहाही ठिकाणी मागत नव्हते. जीवशास्त्राच्या पुष्कळ विभागांनी ती अट काढली आहे, तेव्हा क्लासला पैसे भरायच्या आधी प्रत्येक विभागाचं पान नीट वाचा. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा लागली. ती पुण्याला जाऊन दिली. तिचे गुण दोन वर्षं चालतात, म्हणजे यंदा जमलं नाही तर पुन्हा तो खर्च नाही. हे कळलं त्या रात्री मी शांत झोपले होते.

घरच्यांशी मी एक करार केला. बाबा रोज फोनवर विचारायचे, “काय झालं त्याचं?” त्यांचा आवाज इतका जपून यायचा की मलाच अपराधी वाटायचं. मी त्यांना सांगितलं, रविवारी विचारा, बाकी दिवस पावसापाण्याचं बोला. त्यांनी पाळलं. एका बुधवारी त्यांनी मला उसाला तोड कधी येणार, हे वीस मिनिटं सांगितलं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळत होतं, त्यांनी विचारलं नाही.

जानेवारीत दोन मुलाखती आल्या, दोन्ही झूमवर, दोन्ही आपल्या रात्री नऊला, तिकडच्या सकाळी साडेदहाला. आणि मुलींची वेळ नऊपर्यंत. माझ्या खोलीवर चौघी राहतो, तिथं शांतता मिळणं शक्य नव्हतं. काकूंना विचारलं. त्या दोन्ही रात्री वाय-फायच्या खोलीबाहेर स्वेटर घालून सव्वादहापर्यंत बसून राहिल्या आणि त्यांच्या मुलाने मला गाडीवरून खोलीवर सोडलं. एका प्राध्यापिकेने मला पठारावरची चौकट कशी आखते ते विचारलं आणि मी कॅमेऱ्यासमोर हातांनी दाखवलं. ती पंचेचाळीस मिनिटं मला फार आवडली. पुढे काय झालं तरी ती माझीच आहेत. पण नियम हा नियमच राहायला नको. मुलींना निदान दहापर्यंत बसू द्या, हे मी इथंही लिहिते. अर्धा गुण त्याचाच कापला आहे.

फेब्रुवारी वाईट गेला. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने संशोधन अनुदानांतल्या अप्रत्यक्ष (इमारत, वीज, कार्यालय अशा) खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घालायचं ७ फेब्रुवारी २०२५ ला जाहीर केलं. प्रकरण कोर्टात गेलं, पण तेवढ्यात काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी थांबवले. माझी मुलाखत घेतलेल्या एका विभागाने कळवलं, की या वर्षी ते फारच थोडे विद्यार्थी घेणार आहेत आणि मी त्यात नाही. दुसऱ्याने प्रतीक्षा यादीत ठेवलं. बाकी चार नकार पंधरा दिवसांत आले. मेल मी चारला उघडायचे, वाचायचे, खण बंद झाल्यासारखा लॅपटॉप बंद करायचे आणि तेवीसवर परत येऊन बसायचे. शेजारी सतरा भूगोलाचे नकाशे भरत असायची. ती माझ्याकडे बघायची आणि पाण्याची बाटली पुढे सरकवायची. दुसरं काही नाही. मला तेवढंच हवं होतं.

रात्री मात्र बाटली सरकवायला कुणी नव्हतं. मार्चमध्ये चार रात्री मी सलग झोपले नाही, जेवण जाईना. फिल्टरच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे, त्याच्यावर टेली मानसचा नंबर आहे, १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. इतके महिने पाणी भरताना तो नंबर मी वाचत होते. पाचव्या रात्री फोन लावला. मला वाटत होतं, आत्महत्येचा विचार येणाऱ्यांसाठीच असेल, मी कशाला त्यांची वेळ घेऊ. पलीकडच्या ताईंनी ते आधी खोडून काढलं. झोप किती, जेवण किती, कुणाशी बोलतेस, हे विचारलं. मी किती वेळ बोलत होते ते मला आठवत नाही. त्यांनी प्रवेशाबद्दल काहीही सांगितलं नाही, आणि तेच बरं वाटलं. सकाळी उठून आधी नाश्ता करायचा, आणि झोप अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं, एवढं ठरवून आम्ही फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी खाली मिसळ खाल्ली, पूर्ण.

अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी १५ एप्रिलची तारीख मान्य केलेली आहे. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला त्याआधी उत्तर द्या, असा आग्रह ते धरत नाहीत. म्हणून प्रतीक्षा यादीतली माणसं त्या तारखेकडे डोळे लावून असतात. १५ एप्रिल मंगळवार होता. मी चारला गेले नाही. नऊला निघतानाही गेले नाही. काकूंनी खणातून फोन काढून हातात दिला आणि काहीच विचारलं नाही. बुधवारी दुपारी चारला मेल बघितला. जागा रिकामी झाली नव्हती. प्राध्यापिकेने दोन ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या, पुढच्या वर्षी नक्की अर्ज कर आणि या पावसाळ्यातली नोंद मला पाठव.

या जागेने मला प्रवेश मिळवून दिला नाही. तसं कुणी समजून पैसे भरू नका. मी एवढंच म्हणू शकते, की तो मेल वाचून मी बाहेर आले, रजिस्टरवर वेळ टाकली, खाली जाऊन सतराबरोबर चहा घेतला आणि त्या रात्री झोपले. ऑगस्टमधली मी हे करू शकले नसते.

छोट्या गोष्टी राहिल्या. मागच्या गल्लीत कार्यालय आहे, लग्नसराईत दुपारी बँड वाजतो, त्या दिवसांत खिडकीकडच्या जागा घेऊ नका. एकोणीस ते बावीसवर पंख्याचा वारा येत नाही. लॉकरला कुलूप स्वतःचं लागतं. वर्तमानपत्रं दोन येतात, दहा वाजेपर्यंत त्यांच्यासाठी रांग असते. डबा खायला गच्ची आहे, पण पावसाळ्यात जिन्यातच खावं लागतं. दुचाकी खालच्या दुकानाचं शटर सोडून लावा, दुकानदार बरोबर आहे आणि तो ओरडतो.

मे महिन्यात पैसे भरायला गेले तेव्हा तेवीस रिकामीच ठेवलेली होती. मी काकूंना सांगितलं, की पाऊस सुरू झाला की आठवड्यातले तीन दिवस मी मसाई पठारावर असेन, सप्टेंबरपर्यंत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या महिन्यांचे निम्मेच घेतले. “ती फुलं दाखव मला एकदा फोनवर,” म्हणाल्या. “जिन्यात दाखव, हॉलमध्ये न्हाई.”